ठाण्याच्या आवारातली मेथी

आमच्या मळ्यातल्या खोलीत फरशी बसवणारा एक मिस्तरी आणि त्याची बायको भाड्यानं राहतात. पश्चिम बंगालातल्या मुर्शिदाबादकडचे. आपसात बंगाली बोलतात, आमच्याशी हिंदी. आता तर सासूबाईंची वऱ्हाडी त्यात इतकी मिसळलीय की मिस्तरी गिऱ्हाइकालासुद्धा "का रे"च्या जागी "काऊन बे?" म्हणून जातो. गावातल्या बऱ्याच ओट्यांवरची फरशी त्याच्याच हातची. देवळाचा सभामंडपही त्यानंच केला.

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी पोलिसांची गाडी थेट मळ्यात आली. इथे बांगलादेशी लपवलेत, असा कोणीतरी फोन केला होता. तेव्हा पेपरात तशाच धरपकडीच्या बातम्या यायच्या. मिस्तरीनं आधार कार्ड पुढे केलं.

"असे कार्ड लय पाह्यले," जमादार म्हणाला आणि दोघांना गाडीत बसवलं. मग सासऱ्यांकडे वळला. "तुमीबी चला काका. अशा लोकाईले आसरा देनं गुन्हा हाये."

सासरे उभ्या जन्मात ठाण्याची पायरी चढले नव्हते. त्यांनी टोपी नीट केली आणि ते गाडीत बसले. धूळ खाली बसेपर्यंत मी रडायलाच लागले. सासूबाई मात्र मेथीच्या ढिगाकडे बघत होत्या. सकाळीच उपटलेली, दुसऱ्या दिवशी उंद्रीच्या बाजारात न्यायची होती.

"रडून काय होते?" त्या म्हणाल्या. "दिराले ट्रॅक्टर काढाले सांग. मेथी घे संग. तिथंच जुड्या बांधू."

म्हातारीला धक्का बसला की काय, असं मला वाटलं. पण दिरानं ट्रॉली जोडली. गल्लीतून जाताना जी बाई "कुठं चालल्या?" म्हणून विचारी, ती ऐकून घेई आणि वर चढून बसे. ठाण्यात पोचेपर्यंत ट्रॉलीत मेथीला जागा राहिली नव्हती.

आवारातल्या लिंबाखाली आम्ही पोती अंथरली, सुतळी सोडली आणि कामाला लागलो. थोड्या वेळानं ठाणेदार बाहेर आले. तरुण होते, बोलण्यावरून पुण्याकडचे वाटले.

"हा काय बाजार आहे का?"

"बाजार उद्या हाये साहेब," सासूबाई मान वर न करता म्हणाल्या. "तुमचं काम तुमी करा, आमी आमचं करतो. मेथी काई कोनाची वाट पायत नाई."

"मावशी, विषय गंभीर आहे. तुमच्या मालकांनी परक्या लोकांना ठेवून घेतलंय."

"ठेवलं ना. खोली खालीच होती. त्या पोरीले ताप आला तवा मीच दवाखान्यात नेलं, तेबी लिहून घ्या. रोज सकाळी च्या देतो, तोबी लिहा."

तेवढ्यात मागून आमच्या शेजारीण काकू उठल्या. "साहेब, माह्या ओट्याची फरशी त्यानंच बसवली. म्या त्याले जेवाले घातलं होतं. मलेबी आत घ्या."

"मलेबी!" दुसरी म्हणाली.

"अन देवळातल्या फरशीवर तं सारं गाव बसते," सासूबाई म्हणाल्या. "कोठडी केवढी हाये तुमची?"

सगळ्या बाया हसायला लागल्या. दारातली महिला शिपाई पदर नव्हता म्हणून हातानंच तोंड झाकून हसली. ठाणेदार रुमालानं नाक पुसत आत गेले, पण त्यांचे खांदे हलताना मी पाहिले.

दिवे लागायच्या वेळी मिस्तरीच्या गावाकडच्या ठाण्यातून फोन आला. माणूस तिथलाच, घर तिथंच, आईबाप तिथंच. तिघांनाही सोडलं. भाडेकरू ठेवला की आधी कळवत जा, एवढं सासऱ्यांना बजावलं.

मिस्तरीची बायको बाहेर आली. सासूबाईंनी तिला जवळ बसवलं आणि तिच्या हातात मेथी दिली. तिनं एक जुडी बांधली, मग दुसरी. तिसरीसाठी सुतळी तिनं स्वतःच ओढून घेतली.

पोलिसांना तो फोन कोणी केला होता, ते कळलं नाही. मिस्तरी शोधू म्हणाला तर सासूबाई म्हणाल्या, "नको. सापडला तं त्याच्यासंग बोलनं बंद करावं लागीन. गावातच राहाचं हाये आपल्याले."

परतताना ट्रॉलीत बायांनी लग्नातली गाणी सुरू केली. मग सगळ्यांनी मिस्तरीच्या बायकोला धरलं, तू म्हण. आधी लाजली, मग तिनं बंगालीत खणखणीत गाणं लावलं. एक शब्द कळत नव्हता तरी आम्ही टाळ्यांचा ताल धरला.

"काय म्हनते वो ते?" काकूंनी मिस्तरीला विचारलं.

मिस्तरी खाली बघत म्हणाला, "बारात में दूल्हे की मौसी बहुत खाती है, ऐसा."

मग काय! आमच्या बायांनी विहिणीला चिडवायची सगळी गाणी बाहेर काढली. एक आम्ही म्हणायचं, एक तिनं. दुपारी टोपी नीट करून पोलिसांच्या गाडीत बसलेले सासरे हसता हसता ट्रॉलीच्या फळीला धरून बसले होते. दिरानं ट्रॅक्टर मुद्दामच हळू चालवला.