आईच्या कपाळावरचा नाताळ

डिसेंबरात दुकानांच्या काचांवर कापसाचा बर्फ चिकटवायला सुरुवात झाली, की मी रस्ता बदलते. नाताळाशी माझं काही वाकडं नाही, केक मीही मिटक्या मारत खाते. पण त्या सजावटीत मला माझाच हात दिसतो, आणि तो बघवत नाही.

बाबा मार्चमध्ये गेले. त्याच वर्षी डिसेंबरात दादाने आईला आणि मला सिंगापूरला बोलावून घेतलं. तो तिथे बँकेत होता, सेंगकांगला त्याचा नवा फ्लॅट होता. "आईला जरा बदल होईल," तो फोनवर म्हणाला. आईला बदल नकोच होता, नको तेवढा नुकताच झाला होता. बाबा गेले त्या दिवसापासून तिने टिकली लावणं सोडलं होतं. तिला कोणी सांगितलं नव्हतं, कोणी अडवलंही नव्हतं. मला त्या रिकाम्या कपाळाची भीती वाटायची. सकाळी चहाला आई समोर बसलेली असायची, आणि तरी आई घरात नाही असं वाटत राहायचं.

मग मी भाषणं द्यायचे. कुठल्या जमान्यात आहेस, टिकली तुझी आहे, लग्नाआधीही लावायचीसच की. आई "बरं" म्हणायची आणि पोह्यांना फोडणी घालायची. मी हट्टाला पेटले होते. पुण्याला परतायच्या आत तिच्या कपाळावर टिकली आणायचीच, असं मी ठरवून टाकलं होतं.

दादाच्या इमारतीत लिफ्टमध्ये आरसा होता. आई त्याच्याकडे पाठ करून उभी राहायची.

एका शनिवारी भर दुपारी वहिनी आम्हाला ऑर्चर्ड रोडची सजावट बघायला घेऊन गेली. घामाने ब्लाउज पाठीला चिकटलेला, आणि डोक्यावर प्लास्टिकचे हिमकण लटकलेले. प्रत्येक मॉलसमोर माणसाएवढे सोनेरी गोळे मांडले होते, आणि त्या प्रत्येकात आईचा चेहरा ताणला जाऊन कपाळ तेवढं मोठं दिसत होतं. मी नजर चुकवत चालले होते. पुढे एका मॉलच्या दारात यंत्रातून साबणाचा फेस उडवत होते. पोरं त्यात नाचत होती.

"एवढ्या उन्हात बर्फ!" आई म्हणाली. "हौस तरी बघा." तिच्या आवाजात कितीतरी महिन्यांनी जरा मिश्कीलपणा आला होता.

तिथेच लाल टोपी घातलेली एक चिनी मुलगी पोरांच्या गालांवर चमचमते स्टिकर लावत होती. तिने आधी माझ्या कपाळावरची टिकली पाहिली, मग आईचं कपाळ. तिथे काहीतरी राहून गेलंय असं तिला वाटलं असावं. "आंटी, कम, कम! यू ऑल्सो मस्ट हॅव लाह!" असं तिथल्या हेलात म्हणत तिने हातातल्या कागदावरून नाताळच्या झाडाला टांगतात तसल्या लाल गोल बॉलचा एक स्टिकर सोडवला आणि आईच्या दोन्ही भुवयांच्या मधोमध लावला.

आईने मान पुढे केली होती. डोळे मिटले होते. हळदीकुंकवाला समोरची बाई कुंकू लावते तेव्हा जशी बाई वाकते, अगदी तशी. आणि मग सवयीने तिचाही हात वर गेला, त्या मुलीला उलट कुंकू लावायला. बोटं मुलीच्या कपाळाशी पोचलीसुद्धा. बोटांत काहीच नव्हतं, पण मुलगी हसत, मान वाकवून उभी राहिली.

आई परत आली होती. तिथे, त्या फेसात, पूर्ण.

तेवढ्यात मागून मराठी ऐकू आलं. "अगं, इकडे ये, फोटो काढू." कुणाचं तरी कुटुंब होतं, आमच्या ओळखीचंही नाही. आणि माझा हात पुढे झाला. मी नखाने तो स्टिकर खरवडून काढला. वर तिच्याच पदराच्या टोकाने आईचं कपाळ पुसलं, आणि हे सगळं इतक्या चपळाईने केलं, की कुणीतरी मला ते नीट शिकवलं असावं.

आईने डोळे उघडले. मुलगी "सॉरी, सॉरी" म्हणत मागे सरली. मागचं कुटुंब केव्हाच फेसात शिरलं होतं, त्यांनी आमच्याकडे पाहिलंही नव्हतं.

परतताना एमआरटीत, तिथल्या मेट्रोत, बसायला जागा मिळाली. आई समोर बघतच म्हणाली, "घरी जाईपर्यंत तरी राहू द्यायची होतीस गं."

"आई, उद्या आणू की. लिटल इंडियात हवी तेवढी पाकिटं मिळतात."

ती रागावलेली नव्हती. तिने माझा हात हातात घेतला, नखात अडकलेली लाल चमकी स्वतःच्या नखाने काढून टाकली.

"नको," ती म्हणाली. "तुझ्याच्याने बघवलं नाही ना. मग आता कुणासाठी लावू?"