विलायतेच्या बोटीत आंबा रचायला मी मुंबईला गेले

मुंबईच्या शेटजींचं पत्र आलं आणि आमचे हे त्या दिवशी बाजारात चार खेपा घालून आले. विलायतेला जाणाऱ्या बोटीच्या थंड कोठीतून हापूस पाठवून बघायचा असं शेटजींनी ठरवलं होतं, आणि पहिल्या चाळीस पेट्या आमच्या बागेच्या मागवल्या होत्या. आमचा आंबा साहेबाच्या टेबलावर जाणार, हे यांनी भेटेल त्याला सांगितलं. मुंबईतल्या तपासणीत फळ फिरलेलं, म्हणजे पिकायला लागलेलं, निघालं तर एकही पेटी बोटीवर चढणार नाही, असंही पत्रात होतं. ते मात्र यांनी कुणाला सांगितलं नाही. मला ठाऊक होतं, कारण मी चौथीपर्यंत शिकलेय आणि पत्र फळीवरच पडलेलं होतं.

मी बरोबर येणार म्हटल्यावर हे म्हणाले, बायकामाणसाचं तिथे काय काम? मी म्हटलं, अठरा वर्षं या घरची अढी मी लावतेय. भाताच्या पेंढ्यात कच्चा आंबा थराथरानं मांडायचा, झाकायचा आणि रोज हात घालून बघायचा, हे काम तुम्ही एक दिवस तरी केलंयत का? सासूबाई आतून म्हणाल्या, "जाऊ दे तिला." मग यांचं काही चाललं नाही.

चौदा आणे तयार झालेलं, म्हणजे भरलेलं पण अजून कच्चं, फळ झेल्याच्या जाळीनं झाडावरून उतरवलं. पेट्या भरताना यांचा एकच घोष, पेंढा खच्चून भरा, आंबा तसूभर हलता कामा नये. तशाच भरल्या. मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही, हे आधीच कबूल करते.

तुम्ही कधी बोटीनं मुंबईला जाणार असाल तर उजाडताच रत्नागिरीच्या भगवती बंदरावर हजर राहा. बोट खोल पाण्यात उभी असते आणि तिथवर पडावातून जावं लागतं. काष्टा घट्ट मारा, खलाशी हात देईल तो बिनधास्त धरा, लाजत बसलात तर पाण्यात जाल. तिकीट डेकचंच काढा. वरच्या वर्गाला पैसे जास्त आणि वारा कमी. उपाशी पोटी चढू नका, बोट लागते. आम्ही दहीपोहे खाऊन निघालो होतो, तरी जयगड मागे पडलं आणि यांना बोट लागलीच. मी यांच्या हातात आमसूल दिलं आणि दाभोळच्या समोर बसून स्वतः लसणीच्या चटणीशी दोन तांदळाच्या भाकऱ्या खाल्ल्या. हर्णैचा किल्ला पाण्यात उभा दिसतो, तो चुकवू नका. संध्याकाळी भाऊच्या धक्क्याला उतरलो आणि गिरगावात माझ्या भावाकडे गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोदीजवळच्या थंड कोठीवर पोचलो. बाहेर वैशाखाचा उकाडा, घामानं अंग भिजलेलं, आणि दार उघडलं तर आत दातावर दात वाजायला लागले. भिंतींवरून नळ्या गेलेल्या आणि त्यांच्यावर पांढरं बर्फ धरलेलं. जाल तर घोंगडी घेऊन जा, मी पदर गुंडाळून उभी होते. कोठीवरचे मिस्त्री आमच्याच मुलखातले, हेदवीचे निघाले. पेट्या जरा सुट्या लावा, असं ते यांना म्हणाले. पण यांनी हमालांकडून पडावात माल भरतात तशा, भिंतीला पेटी आणि पेटीला पेटी चिकटवून, छतापर्यंत रचून घेतल्या. लाटेवर माल हलू नये म्हणून आपल्याकडे असंच भरतात. तपासणी तीन दिवसांनी होती.

दोन दिवस मला चैन पडेना. भावानं मुंबादेवीला नेलं, चौपाटी दाखवली, भावजयीनं पुरणपोळी केली, सगळं गोड लागलं, पण जीव कोठीत. तिसऱ्या दिवशी सकाळी मी हट्टानं यांना घेऊन गेले. कडेची पेटी उघडली, आंबा गार आणि हिरवागार. हे माझ्याकडे बघून हसले. मी म्हटलं, मधली काढा.

मधली पेटी काढायला अर्धी रास उतरवावी लागली. झाकण निघालं आणि मला वास आला. पेंढ्यात हात घातला तर आत ऊब. घरच्या अढीत चौथ्या दिवशी लागते तश्शी ऊब, आणि तीही बर्फाच्या खोलीत! उद्या तपासणी.

हे मिस्त्रींवर उखडले, तुमचं यंत्रच बिघडलंय म्हणाले. मिस्त्रींनी शांतपणे यांचा हात धरून नळीवर टेकवला, तो यांनी चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"यंत्राला नावं ठेवू नका," मी म्हटलं, "आपण या खोलीत अढी लावलीय."

आंबा आतून तापतो, हे मी अठरा वर्षं हात घालून बघत आले होते. ऊब कोंडावी म्हणून तर आपण पेंढा घालतो आणि घट्ट मांडतो. इथे ऊब बाहेर जायला हवी होती, आणि आम्ही तिला चहूबाजूंनी कोंडून ठेवलं होतं. मिस्त्री म्हणाले, "वहिनी, हेच मी सांगत होतो. गारव्याला वाट हवी."

मग मी पदर खोचला. बुरुडाकडून बांबूच्या कामट्या आणवल्या. प्रत्येक पेटीतला निम्मा पेंढा काढला, बाजूच्या फळ्यांत फटी पाडून घेतल्या. खाली जमिनीवर कामट्या, दोन थरांमध्ये कामट्या, भिंतीपासून वीतभर जागा, दोन रांगांमध्ये चार बोटं, आणि वर छताखाली हातभर मोकळं. सहा पेट्या फिरलेल्या निघाल्या, त्या बाजूला काढल्या. हे थोडा वेळ दाराशी हाताची घडी घालून उभे होते. मग कोट काढला, बाही सारली आणि म्हणाले, "सांग, कुठे ठेवू?" लग्नाला अठरा वर्षं झाली होती आणि हा प्रश्न मी पहिल्यांदा ऐकला. मी सांगत गेले आणि हे ठेवत गेले. दिवस मावळेपर्यंत आम्ही तिथेच होतो. फिरलेले आंबे हमालांनी आणि गिरगावातल्या अख्ख्या चाळीनं खाल्ले.

दुसऱ्या दिवशी शेटजींच्या माणसानं मधल्याच पेट्या उघडायला लावल्या. प्रत्येकीत हात घातला. गार. चौतीसच्या चौतीस पेट्या पास झाल्या. बोटीच्या कोठीतही माल तसाच लावायचा म्हणून मिस्त्रींनी मला धक्क्यावर बोलावलं, आणि मी नऊवारीत, गोऱ्या साहेबादेखत, कोठीच्या तोंडाशी उभी राहून "वीतभर सोडा, वीतभर" असं खाली ओरडत होते. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मला माझाच फार अभिमान वाटला.

परतीच्या बोटीत यांना बोट लागली नाही. घरी आल्यावर पुढचे तीन महिने मात्र जिवाला घोर होता. आंबा वाटेत फिरला असता तर रत्नागिरीच्या फळाला त्या कोठीचं दार पुन्हा उघडलं नसतं, आणि बाजारात यांना तोंड दाखवायला जागा उरली नसती.

भाद्रपदात एक दिवस पोस्टमन अंगणात येऊन विचारायला लागला, यमुनाबाई कोण? जाऊबाईंनी ओटीवरून सांगितलं, इथे त्या नावाचं कोणी नाही. मी वाटण वाटत होते, मलाही क्षणभर कळलं नाही. घरात मी कुणाची धाकटी, कुणाची काकी, कुणाची सूनबाई. नावानं कोण हाक मारणार?

पत्र यांनी घेतलं. शेटजींचा शिक्का होता. घरात आलेलं प्रत्येक पत्र आजवर यांनीच फोडलेलं. यांनी ते उलटसुलट करून पाहिलं, स्वयंपाकघरात आले आणि माझ्यापुढे धरलं.

"तुझं आहे," हे म्हणाले. "तूच फोड."

मी हात धुतले, पदराला पुसले आणि पत्र फोडलं. आंबा टणक पोचला होता. पुढल्या वर्षी शंभर पेट्या हव्या होत्या, आणि रचून द्यायला यमुनाबाईंनी स्वतः यावं, असं लिहिलं होतं. मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. हे म्हणाले, पुन्हा वाच.