वीतभर उघडं दार

भट्टीचं दार वीतभर उघडं ठेवायची उस्तादला खोड होती. लोखंडाचे ठोकळे तापवायचे आणि नेमक्या वेळी बाहेर काढून मोठ्या यांत्रिक घणाखाली पाठवायचे, यात त्याची हयात गेली. त्या फटीतून आच फुकट जाई. सोबती म्हणत, हा गडी आख्खं आभाळ तापवतोय. उस्ताद हसण्यावारी नेई. फटीपाशी गाल नेला की ठोकळा तयार आहे की कच्चा, ते त्याला कळे. डोळ्यांनी कळणं बंद झालं होतं, कारण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि ते त्याच्या बायकोखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. ती ऑपरेशनसाठी कानीकपाळी ओरडे. हा आज-उद्या करी. आपल्याला भट्टीवरून उचलून गेटवर बसवतील, ही धास्ती त्याने मनात जपली होती.

घण चालवायचा त्याचा जावई. शब्द टाकून त्याला तिथे लावलं होतं उस्तादनेच. कच्च्या ठोकळ्यावर घण पडला तर तो तडकतो आणि कपची कुणाच्याही अंगात घुसते, म्हणून लेक रोज सकाळी फोन करी, "बाबा, यांच्याकडे लक्ष असू द्या." उस्ताद म्हणे, "मी आहे ना." आणि खरंच, त्याने हात वर केला की जावई डोळे झाकून घण सोडी.

मग बचतबाई आली. गॅस आणि वीज वाचवायला नेमलेली इंजिनीअर, नाव अर्थातच सोबत्यांनी ठेवलेलं. गळके पाइप, उघडी झाकणं, सगळं तिने हुडकून काढलं. भट्टीच्या दाराला जाड झालर लावून फट बुजवली आणि खांबावर आतली उष्णता दाखवणारा लाल आकड्यांचा मीटर बसवला. गॅस खरोखर कमी लागू लागला. बाईचं काही चुकत नव्हतं, हेच तर वाईट. चुकत असतं तर उस्ताद भांडला तरी असता.

सुरुवातीला ती मीटरपाशीच उभी असे. उस्ताद साळसूदपणे विचारी, "काय म्हणतंय तुमचं यंत्र?" ती कौतुकाने आकडा सांगे. अशी त्याने वेळ मारून नेली. पण एका सकाळी बाई पलीकडच्या शेडमध्ये निघून गेली, आणि उस्ताद मीटरसमोर एकटा उरला.

लाल आकडे एकमेकांत विरघळले होते. साडेबाराशे की साडेदहाशे? त्याने डोळे चोळले, मान तिरकी केली, गाल दाराला नेला. बुजलेल्या फटीतून आच येतच नव्हती. पलीकडे जावई खोळंबला होता. झाला असेल एव्हाना, असं स्वतःला समजावत त्याने ठोकळा बाहेर काढायला लावला. ठोकळा घणाखाली बसला. उस्तादला तो नुसता एक धुरकट डाग दिसत होता. त्याचा हात सवयीने वर निघाला आणि अर्ध्यावर थिजला. मग त्याने दोन्ही हातांची फुली केली.

घण वरच थांबला. जावई धावत आला, मीटर पाहिला, ठोकळ्याकडे पाहिलं. ठोकळा कच्चाच होता.

"मामा, मीटर बघितला नाहीत?"

"मला दिसत नाही," उस्ताद म्हणाला. "दोन वर्षं झाली. गालाने सांगत होतो."

जावयाचा चेहरा पांढरा पडला. दोन वर्षांचे सगळे घाव त्याला बहुधा आठवले असावेत. तो ओरडला असता तर उस्तादला बरं वाटलं असतं. त्याने फक्त हातमोजे काढले.

"बाईंना मी सांगतो," तो म्हणाला. "तुमच्या लेकीला मात्र नाही सांगणार. संध्याकाळी घरी या आणि तुम्हीच सांगा."

उस्तादने मान डोलावली. सकाळी फोनवर तो नेहमीप्रमाणे म्हणाला होता, मी आहे ना.