दुसऱ्या फिडलची ओळ

माझं फिडल आईनं कधी घरात येऊ दिलं नाही. तारा तातीच्या, म्हणजे बकऱ्याच्या आतड्याच्या. त्यामुळे ते गोठ्यात खुंटीला टांगायचं आणि मी आंघोळ करून मगच जेवायला बसायचं, असा आमच्या घरचा तह होता. वडील एलिचपूरच्या छावणीत कारकून होते. तिथल्या बँडचे मास्तर गोव्याकडचे, ख्रिस्ती. पण इतकी वर्षं इकडे काढून त्यांची बोली पुरती वऱ्हाडी झाली होती. त्यांनी मला फिडल शिकवलं, आणि शिकवताना ते एवढं रागावायचे की पुढच्या आयुष्यात साहेबलोकांचं ओरडणं मला काहीच वाटलं नाही.

मास्तर तरुणपणी मुंबईच्या एका नाटकगृहात वाजवायला होते. पडदा वर जाण्याआधी तीस-चाळीस वादक मिळून एक लांबलचक संगीत वाजवायचे. ते त्यांच्या डोक्यातून कधी गेलं नाही. पुढे बँड सुटला, ते अमरावतीला कँपाजवळ एका खोलीत एकटे राहू लागले आणि त्यांचे कान जायला लागले. आधी पाखरं ऐकू येईनाशी झाली, मग बायकांचं बोलणं. भेटलो की त्यांचं एकच सांगणं असायचं, पुरतं बहिरं होण्याआधी ते संगीत एकदा ऐकायचं आहे. आता वऱ्हाडात तीस वादक आणायचे कुठून? आमच्याकडे लग्नात सनईवाला वेळेवर आला तरी लोक देवापुढे नारळ फोडतात.

मी तेव्हा अकोल्याला एका गोऱ्या कापूसवाल्याकडे कारकून होतो. अमेरिकेत लढाई जुंपलेली, तिकडचा कापूस बंद पडलेला, आणि आमच्या कापसाला असा भाव आलेला की बैलांच्या शिंगांवर चांदी चढली होती. त्याच भरात साहेबानं मडमेसाठी पियानो मागवला. रेल्वे जिथवर आली होती तिथून पुढे तो बैलगाडीतून हेलकावे खात आला. त्याच्याबरोबर आलेल्या पेटीत एक जाड छापील पुस्तक निघालं. त्यात मास्तर नेहमी नाव घ्यायचे तेच संगीत होतं, सगळ्या वाद्यांच्या ओळी एकाखाली एक. ते पाहिलं आणि मी ठरवून टाकलं, की हे एका फिडलवर आणि एका पियानोवर बसवायचं. मडम म्हणाली, होणार नाही. मी म्हटलं, होईल. कारकुनानं मडमेशी असं बोलू नये हे मला कळत होतं. पण तिलाही अकोल्याच्या दुपारी खायला उठत होत्या, त्यामुळे ती पियानो वाजवायला तयार झाली.

कापसाचे नमुने गुंडाळायच्या निळ्या कागदावर रेघा मारून मी कामाला लागलो. आमच्या कानाला गाणं म्हणजे एक गळा आणि मागे तंबोरा. म्हणून मी आधी चाल शोधली आणि ती फिडलला दिली. खालचे जाड सूर पियानोच्या डाव्या हाताला दिले. मधल्या ओळींत मला चाल म्हणावी असं काही दिसेना, नुसती खुडबूड. त्या सरळ काढून टाकल्या आणि मोकळ्या जागेत षड्ज-पंचम भरला, तंबोऱ्यासारखा. मुळापेक्षा हे स्वच्छ झालं असं मला वाटलं आणि मी स्वतःची पाठही थोपटून घेतली.

कामानिमित्त अमरावतीला गेलो तेव्हा ते कागद मास्तरांपुढे ठेवले. कान गेले तरी डोळे शाबूत होते. ओळीवर बोट ठेवून, मान हलवत ते वाचत गेले. शेवटचं पान झालं, पुन्हा पहिलं काढलं, पुन्हा शेवटपर्यंत गेले. मग चष्मा काढून म्हणाले, "सारे हायेत याच्यात. मी कुठी हाओ?"

मला काही समजलं नाही. मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "म्हणजे काय, मास्तर?"

"मी दुसरं फिडल वाजवत होतो, पोरा. चाल पहिल्या फिडलवाल्यायची. आमी मधात. तू मधातलं सारं काढून टाकलं."

नेहमीसारखे ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. इतकी वर्षं त्यांच्या हाताखाली काढून ते कुठली ओळ वाजवायचे हे मी कधी विचारलंच नव्हतं.

अकोल्याला परत येऊन मी सगळे निळे कागद चुलीत घातले आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली. तेवढ्यात अमेरिकेतली लढाई संपली. भाव असा कोसळला की चांदीची शिंगं पुन्हा साधी झाली. साहेबानं गाशा गुंडाळायला घेतला. पियानो कामठीच्या छावणीत कुणाला तरी देऊन टाकला, गाडीवान कधी येणार तेही ठरलं. माझं निम्मंही झालं नव्हतं, पण मी सोडलं नाही. दिवसभर साहेबाचा हिशेब मिटवायचा आणि दुपारची सुट्टी पियानोपाशी घालवायची, असं चाललं. उडती रुई पियानोच्या पोटात जाऊन बसायची, हातोड्या अडकायच्या. मोराचं पीस घालून मी ती काढायचो.

या वेळी चाल मी पियानोच्या उजव्या हाताला दिली आणि दुसऱ्या फिडलची ओळ स्वतःकडे ठेवली. मडमेला ते पटेना. मग फिडल काय नुसतं पाणी भरणार, असं काहीतरी ती तिच्या भाषेत म्हणाली. मी म्हटलं, हो, पाणीच भरणार. ती ओळ दिसायला सोपी आणि वाजवायला जीव खाणारी. हात सारखा चालीकडे धावायचा आणि मी त्याला ओढून परत मधे आणायचो.

मास्तरांना आणायला मी बैलांची दमणी पाठवली. मूर्तिजापूरला मुक्काम करून ते पोचले तेव्हा बंगला रिकामा झाला होता आणि पियानो न्यायला गाडी दारात उभी होती. गाडीवान म्हणाला, "बाबूजी, ऊन चढून राह्यलं." मी त्याला सांगितलं, बैल सोड आणि सावलीत बांध.

बसायला खुर्चीही उरली नव्हती. मास्तर एका खोक्यावर बसले आणि त्यांनी पियानोच्या लाकडाला कान लावला. मी फिडल घेऊन त्यांच्या दुसऱ्या कानाशी उभा राहिलो आणि आम्ही सुरू केलं. वरची चाल त्यांना ऐकू येत नसणार. मधलं येत होतं. कारण त्यांच्या डाव्या हाताची बोटं गुडघ्यावर चालायला लागली, माझ्या बोटांच्या बरोबरीनं, तीच बोटं, त्याच जागी. ते बघताना माझे डोळे भरले आणि दुसऱ्या पानावर मी चुकलो, मडमेच्या मागे पडलो. कसंबसं तिला गाठलं आणि शेवटपर्यंत नेलं.

संपल्यावर मास्तरांनी लाकडापासून कान काढला. मग माझ्याकडे बघून जरा ओशाळल्यासारखे म्हणाले, "मधात मी थोडा मांगं पडलो, नाही?"

मी फिडल खाली ठेवलं आणि त्यांच्या कानाशी वाकलो.

"हो मास्तर," मी म्हटलं. "थोडेसेच."