स्लोमोशन वहिनी

मॅनेजरांच्या हातून सुटलेला बटाटा स्वयंपाकघराच्या खिडकीची काच फोडून शेजारच्यांच्या गच्चीत जाऊन पडला. वेग झकास होता, दिशा तेवढी चुकली.

"पाहिलंस? कोपर वर म्हणजे इतकं वर!" दुखरी कंबर डाव्या हाताने दाबत ते म्हणाले.

"पाहिलं साहेब," उंट म्हणाला.

उंट म्हणजे मॅनेजरांच्या बेसबॉल टीमचा पिचर, चेंडू फेकणारा. मान लांब, हात त्याहून लांब. पोटासाठी घरं रंगवायचा. आठवडाभर त्याचं कोपर आतून ठणकत होतं, रविवारी फायनल होती आणि संध्याकाळी मॅनेजरांची बायको त्याला तपासणार होती. तिने 'नाही' म्हटलं की खेळ खलास! दुसरा पिचर बँकेतला कॅशियर. त्याचा चेंडू पत्ता विचारत विचारत बॅटरपर्यंत पोचायचा.

बायको फिजिओथेरपिस्ट. मैदानावर सगळे तिला स्लोमोशन वहिनी म्हणत. माणसाचं तोंड पाहण्याआधी त्या त्याचा खांदा पाहत. पाहुण्यांनी दारातून निरोपाचा हात हलवला, की "जरा पुन्हा हलवा बघू" म्हणून त्यांना परत आत बोलवत. पेपर टाकणाऱ्याला त्यांनी नीट फेकायला शिकवलं, तेव्हापासून पहिल्या मजल्याचा पेपर तिसऱ्यावर जाऊ लागला. पिचरचं कोपर खांद्याच्या रेषेखाली लोंबलं की त्या त्याला सरळ घरी बसवतात, एवढं मॅनेजरांना संसारातून कळलं होतं. म्हणून तर ही बटाट्याची शिकवणी.

वहिनी घरी आल्या. त्यांनी खिडकीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि मोबाइलचे दोन स्टँड उचलून त्या मैदानाकडे निघाल्या. मॅनेजरांना वाटलं, बोलणारी बायको परवडली.

मैदानावर एक मोबाइल बाजूला, एक मागे असे स्टँडवर लागले. उंटाने चेंडू टाकले. कोपर काय वर गेलं होतं! मॅनेजर मनातल्या मनात कप कुठल्या कपाटावर ठेवावा हे ठरवू लागले.

वहिनींनी चित्रण गोगलगायीच्या गतीने लावलं. एकदा पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग मोबाइल नवऱ्याच्या नाकासमोर धरला.

"ही कंबर कुणाची?"

"कुणाची म्हणजे? उंटाची!"

"त्याची ताठ आहे. ही डावीकडे कलंडलेली, वर डावा हात ठेवलेली कंबर मी ओळखते. इतकी वर्षं शेकतेय मी हिला!"

मॅनेजरांनी पाहिलं. उंटाने नक्कल करताना काही म्हणजे काही सोडलं नव्हतं. चेंडू सोडताना जीभसुद्धा त्यांच्यासारखीच बाहेर काढली होती.

"साहेबांनी दाखवलं तसंच केलं, वहिनी," उंट प्रामाणिकपणे म्हणाला.

"कोपर वर गेलेलंच नाही रे. तू अख्खा कललास म्हणून ते वर दिसतंय. आधी कंबर वळायची, मग छाती, शेवटी हात. तू असा वाकडा होऊन टाकलास की सगळा ताण कोपराच्या आतल्या बाजूवर. खरं सांग, ब्रश धरताना दुखतं?"

उंटाने मॅनेजरांकडे पाहिलं. मॅनेजर आभाळाकडे पाहू लागले.

"छत रंगवताना दुखतं," तो हळूच म्हणाला. "काल रंगाचा डबा डाव्या हाताने उचलला."

"मग झालं. मी सांगेपर्यंत चेंडूला हात लावायचा नाही. तिथलं लिगामेंट तुटलं तर कप सोड, छतंही जातील."

उंटाने सुटल्यासारखा श्वास सोडला. ते पाहून मॅनेजर जरा वरमले. पण समोरून कॅशियर हात झटकत, हसत येताना दिसला आणि त्यांचा धीर सुटला. बायकोला बाजूला घेऊन ते काकुळतीने म्हणाले, "अगं, एकच मॅच! नवऱ्यासाठी एवढंही करणार नाहीस? बायको आहेस ना माझी?"

वहिनी स्टँड मिटत म्हणाल्या, "बायको घरी भेटेल."