तांदळाचा डबा

आज नवा बासमती डब्यात ओतला आणि त्या वासानं माझं डोकं पुन्हा भडकलं. स्टुटगार्टला असताना एकदा आम्ही तिथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीहून परतलो, तर घराचं दार उचकटलेलं. लॅपटॉप, कॅमेरा सगळं जागेवर. फक्त तांदळाचा डबा फरशीवर उपडा आणि त्यात लपवलेल्या माझ्या पाटल्या गायब.

“तांदळात शोधायचं कुणाला सुचेल?” जर्मन पोलिसानं विचारलं. मला वाटलं, हा आपल्याला हसतोय. मी त्याच्यावरच चिडले.

रविवारी मंडळातली माणसं भेटायला आली. “वहिनी, दाराला चांगलं कुलूप बसवून घ्या,” जो तो सांगत होता. मी सगळ्यांना आलं घालून चहा दिला.

पोलिसाचा प्रश्न मला फार उशिरा कळला. परक्या चोराला तांदळाचा डबा सुचत नाही. मंडळातल्याच कुणीतरी माझा चहा पिता पिता मला कुलपाचा सल्ला दिला होता.