आधी जेवा, मग बोलू

मिर्सिनीच्या खानावळीतून आजवर कुणी उपाशी उठलं नव्हतं आणि वेळेवरही उठलं नव्हतं. ग्रीसच्या एका छोट्या बेटावर, बंदराच्या कडेला निळ्या खुर्च्या, मागे भट्टी, आणि या दोहोंच्या मध्ये साठी ओलांडलेली ही बाई, कमरेला ओलं फडकं खोचून. नवरा समुद्रात गेला तेव्हापासून ती काळेच कपडे घालायची. स्वभाव तापट, जीभ तिखट, आणि हाताला चव अशी की पलीकडच्या खानावळीचा मालक पानागोस बायकोला चोरून तिच्याकडे जेवायला यायचा. तिला हे ठाऊक होतं आणि गावाला ठाऊक आहे हेही ठाऊक होतं. बाईला गर्व होता तो एवढाच, पण होता तो पोत्यानं होता.

एकदा बंदर खात्याचा एक अधिकारी तिची खानावळ बंद करायला आला. धक्क्यावर टेबलं मांडायला बंदी होती आणि हिनं टेबलं तर मांडली होतीच, वर छतही घातलं होतं. मिर्सिनीनं त्याला तोंड उघडू दिलं नाही.

"आधी जेव. उपाशी माणसाशी मी भांडत नाही."

तळलेली तारली आली, वाल आले, चीज आलं, उझो म्हणजे बडीशेपेच्या दारूची बाटली आली. दिवस कलता कलता त्या गृहस्थानं स्वतःच्या हातानं एक टेबल उचलून पाण्याच्या आणखी जवळ नेलं, तिथे वारा बरा लागतो म्हणून. त्या दिवसापासून मिर्सिनीनं मनाशी एक गाठ मारली. आपल्या ताटात जेवलेला माणूस आपलं वाईट करत नाही, खाल्ल्या मिठाला जागतोच. हाच तिचा धर्म झाला. चर्चमध्ये ती नुसती मेणबत्ती लावायला जायची.

समुद्रापलीकडून निर्वासितांच्या होड्या यायला लागल्या त्या वर्षी तिनं किनाऱ्यावर पातेली नेऊन अंडी उकडली, हे खरं. दोन वर्षांनी तिची शेळी चोरीला गेली तेव्हा त्याच किनाऱ्यावर उभं राहून तिनं समुद्रापलीकडच्या सगळ्यांचा उद्धार केला, हेही खरं. तोवर टेकडीवर छावणी उभी राहिली होती. तंबू, तारा आणि चिखल. गावातल्या इतरांसारखी तीही टेकडीकडे पाठ करून बसायला शिकली होती.

रिहाब तिच्या मागच्या दाराशी आली ती द्राक्षाची पानं मागायला. सीरियाची, पंचविशीची, पोटुशी. छावणीत राहून ग्रीक शिकलेली, मोडकंतोडकं.

"पानं कशाला हवीत?"

"भात भरून गुंडाळायला."

"ते आमचं खाणं आहे. तुमच्याकडे कुठून आलं?"

रिहाब हसली, उंबऱ्यावरच बसली आणि करंगळीएवढ्या गुंडाळ्या भराभर वळून दाखवल्या. मिर्सिनीच्या गुंडाळ्या अंगठ्यापेक्षा जाड असायच्या.

"भिकारड्या गुंडाळ्या! आत भाताचं शीत तरी जातं का गं?"

"खाला, तुमच्या पोटुशा आहेत. माझ्यासारख्या."

खाला म्हणजे त्यांच्याकडे मावशी. मिर्सिनीला राग आला आणि हसूही आलं. दुसऱ्या दिवसापासून रिहाब रोज येऊ लागली. गिऱ्हाइकं बारीक गुंडाळ्या मागू लागली तेव्हा मिर्सिनीनं आठवडाभर तिच्याशी अबोला धरला, पण ताट वाढायचं थांबवलं नाही.

वसंत लागला तशी रिहाबच्या पायांवर सूज चढली. बोट दाबलं की खळगा पडायचा. डोकं ठणकायचं, डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. मिर्सिनीनं तिला गाडीत घालून शहरातल्या इस्पितळात नेलं. तिथे सांगितलं, छावणीच्या डॉक्टरची चिठ्ठी आणा. छावणीत डॉक्टर नव्हता. दवाखाना मात्र होता. निर्वासितांसाठी युरोपनं आणीबाणीचा म्हणून जो पैसा पाठवला त्यातून बांधलेला, पांढराशुभ्र, दारावर बारा ताऱ्यांची पाटी. यंत्रं अजून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली आणि दाराला कुलूप. रिहाबचा नवरा निझार गावाकडे फरश्या बसवायचा. त्यानं खिडकीच्या काचेला नाक लावून आत पाहिलं आणि म्हणाला, "फरशी मात्र सरळ बसवलीय."

ईस्टर झाला आणि छावणीचा प्रमुख इग्नातिस खानावळीत आला. गुळगुळीत दाढी, त्याहून गुळगुळीत बोलणं.

"मिर्सिनीताई, युरोपच्या संसदेचे खासदार येताहेत. पाठवलेला पैसा कुठे गेला ते बघायला. दुपारचं जेवण तुझ्याकडे, मग छावणी, मग दवाखाना, मग टेकडीपलीकडच्या धक्क्यावरून बोट. बेटाची अब्रू तुझ्या हातात आहे बघ."

"दवाखाना उघडून दाखवणार आहेस का रे?"

"ते येऊ तर देत," इग्नातिस म्हणाला आणि ताटातली दोन भजी तोंडात टाकून गेला.

मिर्सिनीला देव पावल्यासारखं झालं. तिनं रिहाबला समोर बसवलं. "चांगला झगा घाल आणि दवाखान्याच्या दारात बस. कुलूप त्यांना डोळ्यांनी बघू दे. तुझे पाय बघू दे. मी त्यांना जेवू घालते आणि पाठवते तुझ्याकडे."

"ऐकतील ते?"

"माझ्याकडे जेवलेला माणूस नाही म्हणत नाही, पोरी."

"लवकर पाठवा, खाला. मला फार वेळ बसवत नाही."

सहा खासदार आले. त्यांची पुढारी लिसबेटबाई, उत्तरेकडची, उंच, करड्या केसांची. बाई भली होती, अगदी मनापासून भली, म्हणूनच तर सांगताना जीव जळतो. नालायक माणसानं घात केला तर शिव्या द्यायला बरं पडतं. लिसबेटबाईंनी खुर्चीत टेकता टेकताच विचारलं आणि सोबतच्या दुभाषी मुलीनं ते ग्रीकमध्ये सांगितलं.

"छावणीतली माणसं तुमच्याकडे येतात म्हणे. खरं काय चाललंय तिथे? तुम्ही सांगा."

इग्नातिसचा काटा हवेतच थांबला.

उत्तर मिर्सिनीच्या जिभेवर होतं. पण पाव अजून मोडलेला नव्हता. पाहुण्याच्या पोटात घास नाही आणि आपण त्याच्यापुढे गाऱ्हाणं मांडायचं, असं तिच्या घराण्यात कुणी केलं नव्हतं. शिवाय भरल्या पोटी बाई जास्त ऐकतील, असा तिचा अनुभव होता.

"आधी जेवा," ती म्हणाली, "मग बोलू."

सगळे हसले. इग्नातिस सगळ्यांत मोठ्यानं हसला. तोही याच गावचा, त्यालाही त्याच्या आईनं हीच रीत शिकवली होती, आणि तिचा उपयोग काय होतो हे त्याला त्या क्षणी नीट कळलं.

"ताई, भोपळ्याची फुलं राहिली की! चीज भरलेली. फुलं खाऊ न घालता पाठवणार पाहुण्यांना?"

फुलं आली. मग, ताई, ती तारली. ताई, तुझ्या त्या बारीक गुंडाळ्या, अख्ख्या बेटावर तशा कुणाला जमत नाहीत. गुंडाळ्या रिहाबच्या हातच्या होत्या. मिर्सिनीनं नुसतं ताट पुढे केलं. इग्नातिस तिला हरभऱ्याच्या झाडावर चढवत होता आणि ती, सगळं आयुष्य गिऱ्हाइकांच्या तोंडाकडे बघत काढलेली बाई, फांदी फांदीनं चढत होती. युरोपातले सहा मोठे लोक बोटं चाटत होते. कुणाला नको वाटेल?

शेवटी पोटात भात भरलेलं कोकरू आलं. लिसबेटबाईंनी डोळे मिटले. हे कसं करता, म्हणून विचारलं. मिर्सिनीनं त्यांचा हात धरला आणि दुभाषी मुलीसकट त्यांना मागे भट्टीपाशी नेलं. तिथे इग्नातिस नव्हता. तिथे तिला बोलता आलं असतं. तिथे ती त्यांना भट्टीचं तोंड कणकेनं कसं लिंपायचं ते दाखवत राहिली, भातात काळीज किती, बेदाणे किती, कोकरू रात्रभर कसं झाकून ठेवायचं ते सांगत राहिली. बाई टिपून घेत होत्या. मिर्सिनीच्या गालांवर लाली आली होती. आता गोड खाऊ घालायचं आणि मग सांगायचं, असं तिनं ठरवलं.

गोड वाढलं आणि बोटीचा भोंगा झाला.

इग्नातिस ताडकन उठला. "अरे बापरे, उशीर झाला की! तरी काळजी नको, जाताना गाडीतून सगळं दाखवतो." खुर्च्या सरकल्या, डगले चढले. मिर्सिनी बदामाच्या मिठाईचा डबा घेऊन धावली, बसच्या पायरीशी लिसबेटबाईंना गाठलं आणि वरातीमागून घोडं दामटलं.

"बाई, दवाखान्याला कुलूप आहे! डॉक्टर आलेलाच नाही कधी. दारात माझी पोर बसलीय, दिवस भरत आलेत तिचे. तिला बघा. उतरा आणि बघा तिला!"

दुभाषी मुलीनं सांगितलं. लिसबेटबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी इग्नातिसकडे पाहिलं.

"डॉक्टर आज कामाला शहरात गेलेत," तो शांतपणे म्हणाला. "उद्या येतील. ताईंचं मन फार हळवं आहे."

"खोटं बोलतो! मेल्या, माझ्याच घरचं खाऊन खोटं बोलतोस?"

तोवर दार लागलं होतं. काचेतून बाईंनी मिठाईचा डबा छातीशी धरून मान लववली.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता रिहाबला झटके आले. रुग्णवाहिका आली तेव्हा निझारनं तिचे दात चमच्यानं उघडे धरले होते. शहराच्या निम्म्या वाटेवर ती गेली. पोटातलं मूलही तिच्याबरोबर गेलं.

ऑलिव्हच्या झाडांखाली, जिथे त्यांच्यातल्यांना पुरतात तिथे तिला पुरलं. मिर्सिनीला दुसरं काय सुचणार? आमच्यात मेलेल्यांसाठी करतात तसे गहू उकडून, वर साखर आणि डाळिंबाचे दाणे घालून ती परात घेऊन गेली. निझार मातीपाशी उकिडवा बसला होता. त्यानं परातीकडे पाहिलं.

"ती बसली होती दारात," तो म्हणाला. "तुम्ही सांगितलं तशी. सकाळपासून. पाणी प्यायला पण उठली नाही, म्हणाली तेवढ्यात येतील. मग बस आली. ती भिंतीला धरून उठली, हात वर केला. आत एक उंच बाई होती. तिनं पण हसून हात हलवला. बस गेली."

मिर्सिनीनं परात पुढे केली.

"नको, खाला. तुमचं वाढून होईस्तोवर आमचं माणूस मरतं."

तो हे रागावून बोलला असता तर तिला सोसलं असतं. तो नेहमीच्याच आवाजात बोलला. मिर्सिनी परात घेऊन परत आली आणि ते गहू तिनं भिंतीमागे कोंबड्यांना टाकले.

उन्हाळ्यात इग्नातिस खानावळीत आला, खुशीत. "अहवाल आला, ताई! दवाखाना उत्तम बांधलाय असं लिहिलंय. आणि तुझ्या पाहुणचाराचे आभार मानलेत, नाव घालून." मिर्सिनीनं हातातली उकळती डाळ त्याच्या पायावर ओतली. तो महिनाभर लंगडला, एवढीच काय ती शिक्षा या प्रकरणात कुणाला झाली.

पुढच्या ईस्टरनंतर पुन्हा खासदार यायचे होते, या खेपेला दुसरे. मिर्सिनीनं भट्टी विझवली, पातेली पालथी घातली, दार ओढून घेतलं आणि सकाळीच टेकडी चढून दवाखान्याच्या पायरीवर जाऊन बसली. कुलूप तेच होतं, आता गंजलेलं. आज त्यांना खायला घालायला बेटावर आपल्याशिवाय कोण आहे, असं तिच्या मनात होतं. उपाशी राहतील, लवकर येतील, आणि आल्याबरोबर, पाणीसुद्धा न विचारता, ती सांगणार होती.

ऊन डोक्यावर आलं आणि कललं. खाली बंदरात पानागोसच्या खानावळीतून हसण्याचे आवाज येत होते. पानागोसनं कोकरू केलं होतं, पोटात भात भरून, भट्टीचं तोंड कणकेनं लिंपून. चोरून जेवता जेवता त्यानं बरंच काही शिकून घेतलं होतं.

बोटीचा भोंगा झाला. बस वळणावरून आली, वेग कमी न करता. मिर्सिनी भिंतीला धरून उठली, रस्त्याच्या कडेपर्यंत गेली, दोन्ही हात वर करून ओरडली. खिडकीशी बसलेल्या एका गोऱ्या गृहस्थानं काळ्या कपड्यांतली ती म्हातारी पाहिली आणि हसून हात हलवला.